आमच्या इथलं सांताक्रूझ

"उद्या सांताक्रूझला जाऊ," असं म्हटल्यावर आई म्हणाली, "कोण येतंय गं? विमान कितीचं आहे?" जन्म मुंबईत गेलेल्या बाईला सांताक्रूझ म्हणजे दुसरं काय आठवणार!

हे सांताक्रूझ कॅलिफोर्नियातलं. सॅन होजेहून डोंगर ओलांडला की पलीकडे समुद्र. सतरा नंबरचा रस्ता इतका वळणावळणांचा की बाबांनी अर्ध्या वाटेतच त्याचं 'खंडाळा' असं बारसं करून टाकलं. गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास गेला, ते असो.

इथला बोर्डवॉक १९०७ सालचा. एका अंगाला वाळू, दुसऱ्या अंगाला ओळीने पाळणे, खेळ आणि खाण्याच्या टपऱ्या. आत शिरायला तिकीट नाही, ज्या पाळण्यात बसाल त्याचेच पैसे. बाबा बराच वेळ गेट शोधत होते.

मग त्यांना जायंट डिपर दिसला आणि बाकी सगळं संपलं. बाबा निवृत्त झाले ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून. पांढऱ्या लाकडी खांबांचं ते जंगल बघून म्हणाले, "ही तर परांची आहे! इमारत कुठाय?" हा रोलर कोस्टर १९२४ साली आर्थर लूफने उभा केला. खर्च पन्नास हजार डॉलर आणि दिवस लागले ४७. हा आकडा ऐकून बाबांनी चष्मा पुसला. "सत्तेचाळीस दिवसांत आमच्याकडे टेंडरची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नसे."

चष्मा आईकडे देऊन ते माझ्याबरोबर बसले. सुरुवातीलाच काळोखा बोगदा लागतो, मग साखळी कटकट करत वर ओढत नेते. माथ्यावरून मॉन्टरेचा अख्खा उपसागर दिसतो, पण कौतुक करायला सवड मिळत नाही. खाली उतरल्यावर मी रेलिंगला धरून उभी. बाबा मात्र खांबांकडे बघत होते. "लाकूड हलतंय, बघितलंस? हलू दिलंय म्हणून टिकलंय."

दुपारी वाळूत बसून थालीपीठ खाल्लं. म्हणजे आम्ही तीन खाल्ली, चौथं एका सीगलने आईच्या हातातून उचललं. आपले कावळे निदान आधी अंदाज घेतात! पाण्यात पाय घालून आई ओरडलीच, "अहो, ही तर गंगोत्री!" भर जुलैत पॅसिफिक इतका गार. तिथेच शेजारी सॅन लोरेन्झो नदी समुद्राला मिळते. १८८५ साली हवाईचे तीन राजपुत्र, तेव्हा कॅलिफोर्नियात शिकायला असलेले, याच मुखापाशी रेडवूडच्या फळ्यांवरून लाटांवर स्वार झाले होते. उघड्या अंगाने कसे उतरले असतील, देव जाणे.

आईला उंच पाळणे नकोत. तिला आवडला घोड्यांचा. तो १९११ चा, आर्थरच्या वडिलांनी, चार्ल्स लूफने घडवलेला. त्यात गंमत अशी की बाहेरच्या रांगेतल्या घोड्यावर बसलात, तर फिरता फिरता हात लांब करून भिंतीवरच्या नळीतून लोखंडी कडी ओढायची आणि समोरच्या भल्यामोठ्या विदूषकाच्या तोंडात फेकायची. नेम लागला की दिवे लागतात, घंटा वाजते.

पहिल्या फेरीत तिच्या हाती एकही कडी लागली नाही. दुसऱ्या फेरीत दोन मिळाल्या, दोन्ही विदूषकाच्या कानावरून गेल्या. मागच्या घोड्यावरचा आठेक वर्षांचा मुलगा दर खेपेला घंटा वाजवत होता, तेही तिला झोंबलं असावं. तिसऱ्या फेरीआधी तिने ओढणी कमरेला खोचली. घंटा वाजली तेव्हा बाबांनी शिट्टी मारली. माझ्या वडिलांना शिट्टी मारता येते, हे मला त्या दिवशी कळलं!

"बक्षीस काय?" उतरल्या उतरल्या आईचा प्रश्न.

"काही नाही. घंटा वाजली ना."

"मग वाजवली कशाला?"

संध्याकाळी बाबा सूर्यास्तासाठी समुद्राकडे तोंड करून बसून राहिले. हा किनारा दक्षिणेकडे बघतो, हे सांगायचं मी विसरले होते. सूर्य उजवीकडे, जमिनीमागेच गेला. "फसवलंस," म्हणाले आणि चपला झटकल्या.

पाळण्यांच्या कार्डावर थोडे पैसे उरलेत. ते कार्ड आईने पासपोर्टच्या पाकिटात ठेवलंय.