स्वयंपाकघरात लाल कोबा: माझा अनुभव

टाइल नको, रंगीत सिमेंटचीच जमीन हवी, हे ठरलं तरी पुढे दोन वाटा होत्या. एक अ‍ॅसिड स्टेनची. धातूंचे क्षार मिसळलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल तयार काँक्रीटवर फासतात, ते आतल्या चुन्याशी अभिक्रिया करतं आणि तपकिरी, पिंगट किंवा निळसर-हिरव्या छटा उठतात. दिसतं सुंदर, पण तो रंग खालचं काही झाकत नाही. आमच्या जुन्या टाइल उखडल्यावर खाली मालाचे थर, चिकट डाग आणि पूर्वीची डागडुजी होती. तिथे स्टेन ठिपक्याठिपक्यांनीच धरला असता. म्हणून दुसरी वाट घेतली, आयपीएसची, म्हणजे इंडियन पेटंट स्टोनची. खाली कोबा, म्हणजे सिमेंट-वाळू-खडीचा थर, आणि वर ऑक्साइड, म्हणजे रंगाची पूड, मिसळलेल्या सिमेंटचा घोटलेला थर.

खोली १२ बाय १० फूट, तळमजल्यावर. वरच्या मजल्यावर असती, तर आधी इंजिनिअरला विचारलं असतं, कारण ४० मिमी कोब्याचं वजन चौरस मीटरला जवळपास १०० किलो भरतं. १:२:४ या प्रमाणाला सिमेंटच्या ३ गोण्या, ७ घनफूट वाळू आणि १४ घनफूट बारीक खडी लागली. वरच्या ३ मिमी थराला आणखी एक गोणी सिमेंट आणि ५ किलो लाल ऑक्साइड. ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांवर नेऊ नये. त्यापुढे रंग फारसा गडद होत नाही, थर मात्र कमजोर पडतो. पिवळा किंवा फिका रंग हवा असेल तर पांढरं सिमेंट लागतं. लाल-काळ्याला साधं चालतं.

रंग आणि सिमेंट कोरडंच, तीनदा चाळून, अख्ख्या खोलीचं एकदम मिसळून ठेवावं. घमेल्याघमेल्याला नव्याने मिसळलं की प्रत्येक चौकोन वेगळा दिसतो.

चौकोन पाडणं टाळू नये. सिमेंट सुकताना आकसतं, भेग जाणारच. ती आपण ठरवलेल्या रेषेत जावी एवढंच आपल्या हातात असतं. ४ फूट बाय ३ फूट ४ इंचांचे नऊ चौकोन केले, त्यांच्या मधल्या रेषांना ४४ फूट काचेची पट्टी लागली. भरले एकाआड एक. मोरीच्या बाजूला शंभराला एक उतार पट्ट्या बसवतानाच धरायचा, नंतर वरच्या थरात तो आणता येत नाही. इतकं करूनही केसासारख्या एकदोन भेगा येतात. ज्यांना त्या खुपतील त्यांनी टाइलच लावावी.

खरी कसरत वरच्या थराची. खालचा कोबा ओला, पण बोट दाबल्यावर फक्त ठसा उमटेल इतका आवळला की तो टाकायचा. कोबा पूर्ण वाळल्यावर टाकला, तर पुढे पापुद्रा सुटतो. मग लोखंडी गुरमाळ्याने चार-पाच तासांत तीनदा घोटाई. घाईने घोटलं की आतलं पाणी कोंडून फुगे येतात. आणि वर पाणी सुटलं म्हणून गवंडी सवयीने कोरडं सिमेंट भुरभुरतात, ते हात धरून थांबवा. त्यानेच पुढे जाळीदार तडे पडतात.

दुसऱ्या दिवशी कडेने आळं करून दहा दिवस पाणी तुंबवून ठेवलं. गोणपाट अंथरू नका, त्याचा तपकिरी रंग उतरतो. प्लास्टिकच्या सुरकुत्यांखाली ठिगळं उठतात. पाणी काढल्यावर पांढरी भुकटी दिसली, तर तो वर आलेला चुना. कोरड्या ब्रशने झाडायचा, पुसायचा आणि थांबायचं.

सीलर, म्हणजे जमिनीवरचा संरक्षक लेप, २८ दिवसांनी. त्याआधी दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवलं. खाली घाम किंवा काळपट ओल दिसली तर आणखी आठवडा. ओलीवर सीलर मारला की दुधाळ पडदा धरतो आणि तो खरवडावाच लागतो.

कोणता सीलर, हे नमुन्यावर ठरवलं. उरलेल्या मालाच्या लाद्यांवर हळद घातलेलं तेल, लिंबू, चिंचेचा कोळ आणि चहा रात्रभर ठेवला. सगळे घाबरतात हळदीला, पण लालवर ती दिसतही नाही आणि उन्हात विटते. लिंबू-चिंच-कोकम हे खरे वैरी. आम्ल सिमेंटच खातं, म्हणून उघड्या लादीवर काही मिनिटांत पांढुरका, खडबडीत डाग पडला. तो पुसून जात नाही, कारण तिथला पृष्ठभागच झिजलेला असतो. नुसतं तेल चोळलेल्या लादीचंही तेच झालं. दोन घटकांच्या पॉलियुरेथेनची लादी टिकली. त्याचे दोन पातळ हात, एक उभा, एक आडवा. मॅट घेतला, कारण चकचकीत जमीन सिंकसमोर ओली झाली की पाय घसरतो.

आता पुसायला सौम्य साबण, संडासासाठीचं अ‍ॅसिड कधीच नाही. सिंकसमोर अधूनमधून पाण्याचा थेंब टाकून बघतो. तो मण्यासारखा राहिला तर ठीक, जमीन काळपटून शोषू लागली की तेवढ्या चौकोनाला नवा हात. सिलिंडर मात्र ओढायचा नाही, ट्रॉलीवरच. चर पडला आणि त्याच ऑक्साइडने बुजवला, तरी ठिगळ ओळखू येतंच.