उसने वडील

रविवार, रात्र

दिवसभर अमेरिकन जॅझ गायक ग्रेगरी पोर्टर ऐकत बसले. घरातले वैतागले, पण रविवार माझाही असतो.

त्याच्या लहानपणाची गोष्ट त्यानेच अनेकदा सांगितली आहे. कॅलिफोर्नियातलं बेकर्सफील्ड, घरभर भावंडं, आई रूथ चर्चमध्ये प्रवचन देणारी, वडील असून नसल्यासारखे. पाच-सहा वर्षांच्या पोराने स्वतः रचलेलं गाणं टेप करून आईला ऐकवलं, तेव्हा ती म्हणाली, अरे, तू तर नॅट किंग कोलसारखा गातोस. पोराने आईकडच्या या जुन्या जॅझ गायकाच्या तबकड्या शोधून काढल्या, ऐकल्या आणि मनाशी ठरवून टाकलं की हेच आपले वडील. कोल गेला 1965 साली, पोर्टरचा जन्म 1971 चा. सहा वर्षं आधी गेलेल्या माणसाला, नुसत्या आवाजावरून, बाप मानलं!

गंमत म्हणजे तो कोलसारखा गात नाही. (माउलीचं कौतुक ते, तिला सगळं माफ.) कोल माइकच्या अगदी जवळ येऊन, मखमली आवाजात कानात सांगितल्यासारखा गातो. पोर्टरचा आवाज भरदार, छातीतून येणारा, आणि तार चढली की त्यात चर्चमधली हाक ऐकू येते. ती आईकडची. मग कोलकडून काय आलं? मला वाटतं, शब्द आणि सबुरी. 'हे लॉरा' ऐकावं. अवेळी तिच्या दाराची बेल वाजवून एक माणूस विचारतोय, तुझ्या आयुष्यात दुसरा कुणी आहे का, आणि असलाच तर खुशाल खोटं सांग. दुसऱ्या कुणी या गाण्यात हुंदके भरले असते. हा ते ओशाळून, नीट शब्द उच्चारत, बोलल्यासारखं गातो. म्हणूनच ते जास्त लागतं.

त्याच्या त्या टोपीबद्दल आणि कानांवरून हनुवटीखाली गुंडाळलेल्या कापडाबद्दल लोक फार बोलतात. असू दे.

मला मधली वर्षं जास्त खुणावतात. सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत तो गेला अमेरिकन फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर. खांदा दुखावला आणि खेळ संपला. पुढे आई कॅन्सरने गेली, जाताना गात राहा म्हणून सांगून. पण पहिला अल्बम 'वॉटर' आला तो 2010 मध्ये, चाळिशीच्या तोंडावर. त्याआधी ब्रुकलिनमध्ये भावाच्या कॅफेत स्वयंपाक करणं, हार्लेमच्या सेंट निक्स पबमध्ये गाणं, असं चाललं होतं. विशीत तो स्टार झाला असता तर '1960 व्हॉट?' इतकं पिकून आलं असतं का, शंका आहे. डेट्रॉइटची दंगल, मार्टिन ल्यूथर किंगची हत्या, सगळा संताप त्यात आहे, पण ताल असा की पाय थांबत नाहीत.

'टेक मी टू द ॲली' तर आईचंच गाणं. ती मुलांना बरोबर घेऊन बेघरांकडे, व्यसनात बुडालेल्यांकडे जायची. गाण्यात राजा येणार म्हणून लोक रस्ते सजवतात, चकचकीत वस्तू मांडतात, आणि राजा म्हणतो, मला गल्लीत न्या, रंजल्यागांजल्यांकडे न्या. चाल इतकी संथ आणि साधी की दुसऱ्या कडव्याला माझे डोळे भरतात. दर वेळी.

म्हणूनच कोलची गाणी गायलेल्या 2017 च्या 'नॅट किंग कोल अँड मी' या अल्बमशी माझं जमत नाही. व्हिन्स मेंडोझाने सजवलेला मोठा ऑर्केस्ट्रा, वाद्यमेळ देखणा, कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण बापाची गाणी म्हणताना पोर्टर पाहुण्यांसमोर उभ्या केलेल्या गुणी मुलासारखा वागतो. चर्च गायब. आईच गायब! कोलची ओळख झाली ती पियानो, गिटार आणि बास एवढ्यावर. त्या मोकळ्या जागेत तो खेळायचा. इथे व्हायोलिनं ती जागाच ठेवत नाहीत. कोलनेही पुढे व्हायोलिनांच्या ताफ्याबरोबर भरपूर गायलं, हे मान्य. तरीही.

त्या अल्बममध्ये एकच गाणं पोर्टरने स्वतः लिहिलेलं आहे, 'व्हेन लव्ह वॉज किंग', आधी 'लिक्विड स्पिरिट' या अल्बममध्ये आलेलं. या गाण्यात आवाज एकदम सुटतो आणि दोन्ही घराणी एकत्र ऐकू येतात. संध्याकाळी तेवढं पुन्हा लावलं, बाकीची गाणी सोडून दिली.