तुम्ही विचारलंत म्हणून: क्रीटची माणसं इतकी कशी जगतात?

सुट्टीला पुण्यात आले की कुणी ना कुणी विचारतंच, "तू क्रीटला राहतेस ना? मग सांग, तिथली माणसं इतकी जगतात ती कशानं? ऑलिव्ह तेलानं, की त्या निवांत राहण्यानं?" क्रीट म्हणजे ग्रीसचं भूमध्य समुद्रातलं बेट. विचारणारे बहुतेक साठीच्या आसपासचे असतात. कुणाची नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली असते, कुणाच्या यजमानांना साखर निघालेली असते. प्रश्न जिवाभावाचा असतो. लग्नाच्या पंगतीत त्याचं दोन वाक्यांत उत्तर दिलं की मलाच चुटपुट लागून राहते, म्हणून इथे सावकाश लिहिते.

मला जे उमगलं ते आधीच सांगून टाकते. तेलाचं महत्त्व आहेच, पण ज्या भाजीबरोबर ते पोटात जातं त्या भाजीसकट. आणि ज्या पिढीकडे बघून जगाने हा 'मेडिटेरेनियन', म्हणजे भूमध्य समुद्राकाठचा आहार डोक्यावर घेतला, ती पिढी निवांत मुळीच नव्हती.

अन्सेल कीज नावाचे अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ होते. इटलीतल्या नेपल्समध्ये कष्टकरी माणसांना हृदयविकार फारसा होत नाही, असं त्यांच्या कानावर आलं आणि १९५२ साली ते स्वतः तिथे जाऊन बघून आले. त्यातून पुढे १९५८ पासून सात देशांचा मोठा अभ्यास उभा राहिला: अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान. ४० ते ५९ वयाचे १२,७६३ पुरुष त्यात होते आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांची नोंद ठेवली गेली. हृदयविकाराने सगळ्यात कमी माणसं गेली ती क्रीटमध्ये. पूर्व फिनलंड अगदी दुसऱ्या टोकाला होतं. गंमत म्हणजे क्रीटच्या माणसांच्या खाण्यात चरबी कमी नव्हती. रोजच्या उष्मांकातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाटा चरबीचा, आणि ती जवळजवळ सगळी ऑलिव्ह तेलाची. लोणी, मांसाची चरबी नावापुरती.

कीज नंतर दक्षिण इटलीत, चिलेंतो भागातल्या पियोप्पी नावाच्या समुद्रकाठच्या खेड्यात घर बांधून राहिले, आणि २००४ साली वयाच्या शंभराव्या वर्षी वारले. ही गोष्ट ऐकली की सगळे खूश होतात. पण एका माणसाच्या वयावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून मी त्यावर फार भर देत नाही.

मला त्याहून जास्त बोलतं वाटतं ते सात देशांच्या अभ्यासाच्या दहा वर्षं आधीचं क्रीटमधलं सर्वेक्षण. महायुद्ध संपलं तेव्हा क्रीट पार खंगलेलं होतं. जर्मन फौजांनी चार वर्षं बेट दाबून धरलं होतं. अशा वेळी, १९४८ साली, अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनची माणसं लीलँड ऑलबॉ यांच्या हाताखाली इथे आली आणि घरोघर जाऊन काय शिजतं, किती शिजतं हे लिहून घेतलं. धान्य, कडधान्यं, रानातला पाला, फळं आणि भरपूर तेल. मांस, मासे, दूध थोडंथोडंच. आणि तुम्हाला आणखी काय हवं असं विचारल्यावर लोकांनी सांगितलं, मांस हवं. आज ज्याला आदर्श आहार म्हणतात तो त्या घरांनी निवडलेला नव्हता. हाती होतं ते असं होतं.

आमच्या शेजारच्या आजी त्याच काळात डोंगरातल्या खेड्यात वाढल्या. मांस ईस्टरला आणि ख्रिसमसला, असं त्या सांगतात. जवाचे दोनदा भाजलेले कडक पाव महिनोन्महिने टिकायचे, ते पाण्यात ओले करून खायचे. आज रेस्टॉरंटमध्ये त्याच पावावर टोमॅटो, चीज आणि तेल घालून 'डाकोस' म्हणून पर्यटकांपुढे ठेवतात. उतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात चढउतार, गाढवावर लाकडं, थंडीत ऑलिव्ह झोडपायचे. त्या पिढीच्या निवांतपणाबद्दल कुणी बोलायला लागलं की आजींचे हात मला आठवतात.

आता पाल्याबद्दल, कारण हा माझा आवडता विषय आहे. पहिला पाऊस झाला की इथल्या बायका, आणि आता निवृत्त झालेले पुरुषही, चाकू आणि पिशवी घेऊन रानात जातात. चिकोरीचे प्रकार, रानटी बडीशेपेचा पाला, काटेरी झुडपांतून खुडलेलं स्तामनागाथी. या सगळ्या पाल्याला मिळून 'होर्ता' म्हणतात. उकडायचा, निथळायचा, वरून तेल आणि लिंबू. उन्हाळ्यात बाजारात 'व्लिता' येते, ती मी पहिल्यांदा हातात घेतली आणि ओळखलीच. आपल्या माठाच्या कुळातलीच भाजी. आणि 'ग्लिस्त्रिदा' म्हणजे तर सरळ आपली घोळ! लालसर देठ, जाडसर पानं, तीच आंबूस चव. इथे ती काकडी-टोमॅटोत कच्ची घालतात. घोळीमध्ये ओमेगा-३ वर्गातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल पालेभाज्यांच्या मानाने चांगलंच असतं, म्हणून आहारशास्त्रातली माणसं तिच्यावर आवर्जून लिहितात. पुण्याच्या मंडईत घोळीची जुडी आजही मिळते. ती विकत घेणाऱ्यांमध्ये तरुण चेहरा क्वचित दिसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेलाचं काम इथे कळतं. भेंडी, फरसबी, वांगी, मटार अशा भाज्या कांदा-टोमॅटोत आणि भरपूर तेलात मंद आचेवर शिजवतात आणि कोमट झाल्या की पावाबरोबर खातात. हीच मुख्य पानावरची वस्तू, बाजूला काही नसतं. एकेकाच्या ताटात आपल्याकडच्या चौघांपुरती भाजी असते. तेल नसतं तर एवढी भाजी आणि एवढा कडू पाला माणसाने रोज खाल्लाच नसता. म्हणून एखाद्या मोठ्या अभ्यासात तेल वेगळं काढून मोजायला गेलं की कधीकधी हाती फारसं लागत नाही. अथेन्सच्या अँतोनिया त्रिकोपूलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ग्रीसमधल्या २२,०४३ माणसांच्या आहाराला शून्य ते नऊ असे गुण दिले होते. गुण दोनने वाढले तर मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसलं. पण एकेक पदार्थ सुटा घेऊन पाहिला तेव्हा बहुतेकांचा असा ठळक संबंध दिसला नाही. सगळं मिळून जे ताट होतं त्याचा तो परिणाम होता.

स्पेनमधला प्रेडिमेड अभ्यास तुम्हाला डॉक्टरांनी सांगितला असेल. हृदयविकाराचा धोका असलेली सुमारे ७,४०० माणसं त्यात होती. एका गटाला तेल दिलं, एकाला अक्रोड-बदाम-हेझलनट, एकाला चरबी कमी करायचा सल्ला. पहिल्या दोन गटांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. काही केंद्रांवर माणसांची गटवारी नीट झाली नव्हती म्हणून २०१३ चा तो लेख मागे घेऊन २०१८ मध्ये नव्याने छापावा लागला. निष्कर्ष जवळपास तोच राहिला. पण एकूण मृत्यूंत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. पक्षाघात टळणं ही फार मोठी गोष्ट आहे. तिला 'आयुष्य वाढतं' असं म्हणू नये एवढंच.

उपासाबद्दल कुणीच विचारत नाही, म्हणून मीच सांगते. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास मोजले तर वर्षातले १८० दिवस सहज होतात. ईस्टरआधीचा मोठा उपास, ख्रिसमसआधीचे चाळीस दिवस, ऑगस्टचा पहिला पंधरवडा, शिवाय बुधवार आणि शुक्रवार. मांस, अंडी, दूध, चीज बंद, मासेही बहुतेक दिवस बंद, आणि कडक दिवशी तेलसुद्धा नाही. ऑक्टोपस, माकूल, तिसऱ्या चालतात. कीज यांच्या अभ्यासात या उपासांचा वेगळा हिशेब धरला नव्हता, हे क्रीट विद्यापीठातल्या संशोधकांनी नंतर निदर्शनाला आणून दिलं. आजी अजून सगळे उपास करतात. उपासाच्या दिवशी त्यांच्याकडे मसूर, काबुली चणे, पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची आमटी आणि होर्ता. मी श्रावण पाळणाऱ्या घरात वाढले, त्यामुळे हे बघून थबकलेच. आपल्या उपासाच्या ताटातून डाळ आणि पालेभाजी जाते आणि साबुदाणा, बटाटा, तूप येतं. इथल्या ताटात डाळ आणि पालेभाजीच उरते. मधुमेह असलेल्या माझ्या आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ विचार करत बसली होती.

आता निवांतपणा. दुपारची झोप इथे खरी आहे. उन्हाळ्यात तीन ते साडेपाच ही कायद्याने शांततेची वेळ. ड्रिल चालवायचं नाही, मोठ्याने गाणी लावायची नाहीत. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेकरांना आपण नावं ठेवत आलो, पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रीसमधल्या २३,६८१ निरोगी माणसांच्या अभ्यासात, आठवड्यातून निदान तीनदा अर्धा तास दुपारी झोपणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी आढळले. नोकरी-धंदा करणाऱ्या पुरुषांत हा फरक जास्त ठळक होता. झोपेमुळेच ते झालं असं अशा पाहणीतून म्हणता येत नाही. तरी मी स्वतः अर्धा तास पडते आणि कुणी पडलं तर त्याला आळशी म्हणत नाही.

पण राहणीमानाबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते अमेरिकेतल्या एका गावाने. दक्षिण इटलीतल्या रोझेटो वालफोर्तोरे गावची माणसं १८८२ पासून पेनसिल्व्हेनियातल्या पाटीच्या दगडांच्या खाणींत कामाला गेली आणि तिथे त्यांनी रोझेटो याच नावाचं गाव वसवलं. १९६० च्या दशकात डॉ. स्ट्यूअर्ट वुल्फ आणि समाजशास्त्रज्ञ जॉन ब्रून यांनी हे गाव तपासलं. शेजारच्या बँगर गावापेक्षा इथे हृदयविकाराचे मृत्यू खूपच कमी होते. आणि खाणं? ऑलिव्ह तेल परवडत नव्हतं म्हणून डुकराच्या चरबीत तळलेलं. पुरुष सिगारेट ओढत, खाणीत धूळ खात. वेगळं होतं ते घर. तीन पिढ्या एका छपराखाली, म्हाताऱ्या माणसाचा शब्द चाललेला, अडीनडीला गल्ली धावून येणारी, आणि ज्याच्याकडे पैसा आला त्यानेही त्याचा डामडौल न मिरवणं. वुल्फ यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की ही वीण सुटली तर हा फायदाही जाईल. मुलं शिकून बाहेर पडली, मोठी कुंपणाची घरं झाली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत रोझेटोचे आकडे बँगरला जाऊन मिळाले.

म्हणून "निवांत राहिलं पाहिजे" असं कुणी म्हटलं की मला वाटतं, बोरिवलीहून चर्चगेटला लोकलने जाणाऱ्याने निवांत कसं राहायचं? पण रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, फोन बाजूला ठेवून, हे जमवता येतं. आजी एकट्या राहतात, पण एकट्या जेवताना मी त्यांना फारशी पाहिलेली नाही. दुपारी कुणाची तरी खुर्ची त्यांच्या दारात असतेच, आणि एखाद्या दिवशी दार उघडलं नाही तर दहा वाजायच्या आत गल्लीत चौकशी सुरू होते.

दोन कडू गोष्टी सांगायलाच हव्यात. ग्रीसमधल्याच इकारिया बेटाचं नाव तुम्ही ऐकलं असेल, 'मरायला विसरलेल्यांचं बेट' म्हणून. अशा ठिकाणांच्या शंभरीच्या नोंदी किती पक्क्या आहेत यावर सॉल न्यूमन या संशोधकाने मोठं प्रश्नचिन्ह लावलं आहे. जन्मनोंदी कच्च्या, आणि ग्रीसमध्ये तर मेलेल्यांच्या नावाने पेन्शन उचलल्याची प्रकरणं सरकारनेच बाहेर काढली. म्हणून शंभरीचे आकडे मी कुणाला सांगत नाही. हृदयविकाराचे सांगते, ते जास्त भक्कम आहेत. दुसरी गोष्ट जास्त लागते मनाला. ग्रीस, इटली, स्पेन, सायप्रस इथली मुलं आज युरोपातल्या सर्वांत लठ्ठ मुलांत मोडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली दिलेल्या आकड्यांनुसार या देशांत साधारण पाचातला एक मुलगा लठ्ठ होता. २०१० साली युनेस्कोने या आहाराला जगाचा वारसा म्हणून मान दिला, त्याच काळात शाळेबाहेरच्या टपरीवर चीज-पाय आणि गोड सरबतांचे कॅन विकले जात होते. आजींचा पणतू होर्ताला हात लावत नाही.

वाइनचं विचाराल तर, न पिणाऱ्याने आयुष्यासाठी म्हणून सुरू करू नये. दारूचं निर्धोक असं कुठलंच प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे.

आणि ती ऑलिव्ह तेलाची महागाची बाटली, जी तुम्ही आणून ठेवली आहे आणि फोडणीला वापरू की नको विचारता. ती कच्ची वापरा. कोशिंबिरीवर, उकडलेल्या पालेभाजीवर, वरणावर. ताजं चांगलं तेल घशाशी किंचित चुरचुरतं, ते त्यातल्या ओलिओकँथल नावाच्या द्रव्यामुळे. चुरचुरलं तर तेल खराब आहे असं समजू नका. शेगडीजवळ किंवा खिडकीत ठेवू नका, उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा. परवडत नसेल तर हळहळू नका. ऑलिव्ह तेलातलं मुख्य स्निग्धाम्ल म्हणजे ओलेइक आम्ल, ते आपल्या शेंगदाणा तेलातही निम्म्याच्या आसपास असतं. शेंगदाणा तेलच रोजच्या मापात वापरा आणि वाचलेल्या पैशांत घोळ, माठ, चाकवत, मटकी, मसूर घ्या. भाकरी लहान आणि भाजी मोठी करा. आत्या, हे तुझ्यासाठीही: एकादशीला मसूर खाल्ली तर विठोबा रागावेल असं मला वाटत नाही, पण मन होत नसेल तर निदान साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी आणि काकडीची कोशिंबीर कर.