इंदूर ते ग्वाल्हेर, मागे ट्रेलर बांधून

इंदूर ते ग्वाल्हेर अंतर साधारण 500 किलोमीटर. नुसती गाडी असेल तर सकाळी पोहे खाऊन निघालेला माणूस रात्री जेवायला तिथे पोहोचतो. मागे झोपायचा ट्रेलर आणि सोबत आणखी तीन ट्रेलरवाले असले, की गुन्याला मुक्काम ठरलेला. ताफ्याचा वेग ठरवतो सर्वांत जड ट्रेलर. म्हणून आम्ही त्यालाच पुढे ठेवतो. मागे ठेवला तर तो पाठलाग करत बसतो, आणि ट्रेलरसकट पाठलाग करणं धोक्याचं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो वजनात, आणि जाऊ द्यावा. ट्रेलरचा पुढचा दांडा हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, किती भार टाकतो, यावर पुढचा सगळा प्रवास अवलंबून असतो. भरलेला ट्रेलर 800 किलोचा असेल तर हिचवर 60 ते 80 किलो हवेत. पण गाडीच्या पुस्तकात याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळायची. मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी, चाकांना ओट (घरंगळू नये म्हणून लावायची पाचर) लावून उभा करायचा आणि काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर दांडा टेकवायचा. भार कमी भरला तर जड सामान ॲक्सलच्या पुढे सरकवा. पाण्याची टाकी बहुतेक मागे असते. 80 लिटर म्हणजे 80 किलो, आणि तेवढ्याने पुढचा दांडा हलका होतो. टाकी रिकामी नेऊन मुक्कामी भरलेली बरी.

जोडताना दांड्याचं कुलूप बसल्यासारखं दिसतं, पण कधी कधी हिचवरचा बॉल, म्हणजे लोखंडी गोळा, त्यात गेलेलाच नसतो. खात्रीचा उपाय एकच: खटका लावल्यावर दांड्याखालच्या छोट्या चाकाचं हँडल फिरवून दांडा वर उचलायचा. गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली तर पकड बसली. सेफ्टी चेन दांड्याखालून एकमेकींवर फुली करून लावायच्या, म्हणजे हिच सुटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडतो. इंडिकेटर दिल्यावर मागचा दुसराच दिवा लुकलुकत असेल तर बल्ब बदलत बसू नका. बहुतेक वेळा अर्थिंगची तार सैल असते. ट्रेलरची नोंदणी आणि नंबर वेगळा असतो, त्याचे कागद गाडीतच ठेवा.

देवास हा पहिला थांबा, तो चहासाठी नव्हे. तिथवर चाळीसेक किलोमीटर होतात आणि नव्याने बसवलेल्या चाकाचे नट नेमके तेवढ्यात सैल पडतात. टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) सगळे पुन्हा आवळायचे. मग हाताची मागची बाजू प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, न्यायची. कोमट असेल तर ठीक. एक हब दुसऱ्यापेक्षा फार तापला असेल तर बेअरिंग जास्त आवळलं गेलंय, ग्रीस संपलंय किंवा ब्रेक घासतोय. पुढच्या प्रत्येक थांब्यावर हेच.

मक्सी, शाजापूर, सारंगपूर हा रस्ता चांगला आहे, आणि तिथेच गडबड होते. बाजूने वेगात बस गेली की हवा ट्रेलरला आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. हिचवर भार कमी असेल तर ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरून फक्त ॲक्सिलरेटर सोडायचा. जोरात ब्रेक मारला की डुलणं वाढतं. ताशी 60-65 च्या वर आम्ही जात नाही, आणि दोन ट्रेलरमध्ये एक ट्रक आरामात शिरेल एवढी जागा ठेवतो.

ब्यावऱ्याला ताफा फुटण्याची शक्यता असते. 52 क्रमांकाचा महामार्ग डावीकडे राजगढ, कोट्याकडे वळतो. गुन्याला 46 क्रमांकाने जायचं. चुकलात तर ट्रेलर घेऊन रस्त्यावरच उलटं वळू नका, पुढे ढाबा पाहून आत शिरा. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरावा: ट्रेलरची मागची बाजू डावीकडे हवी तर हात डावीकडे. दांडा आणि गाडी यांच्यातला कोन वाढायला लागला की थांबून पुढे घ्या, नाहीतर बंपर चेपलाच.

गुन्याला ट्रेलर सोडवण्याआधी चाकांना ओट लावणं हा नियम, कितीही दमलेलं असलं तरी. डिसेंबर-जानेवारीत इथून पुढे थंडी वाढते. छोट्या सिलिंडरमधला प्रोपेन आधी उडून जातो, उरलेला ब्युटेन थंडीत नीट वायू होत नाही, म्हणून अर्ध्या सिलिंडरवर पहाटे चहा होत नाही. भरलेला सिलिंडर जोडा. आणि गाडी चालू असताना झडप बंदच.

शिवपुरीत तात्या टोप्यांचं स्मारक आहे. 18 एप्रिल 1859 ला त्यांना इथेच फाशी दिलं. मराठी माणसाने थांबावंच. पुढे धुकं लागलं तर ऊन पडेपर्यंत निघू नये. ट्रेलरच्या मागच्या दिव्यांवर दव आणि धूळ मिळून चिखल बसतो, तो निघण्याआधी फडक्याने पुसायचा. मागे लाल आणि बाजूला पिवळी चमकती पट्टी हवीच.

ग्वाल्हेरला किल्ल्यावर ट्रेलर नेऊ नका. उरवाई दरवाज्याकडून गाड्या वर जातात, पण चढ खडा आणि रस्ता अरुंद. समोरून गाडी आली तर मागे घ्यायला जागा नाही. ट्रेलर शहराबाहेरच सोडून नुसत्या गाडीने वर जा.