रेशमावरचे हिसके अखेर रेकॉर्ड झाले

ऐकू आले! प्लेक्सिपस पायकुली या उड्या मारणाऱ्या कोळ्याचा नर मादीच्या घरट्याचं रेशीम पायांनी खेचतो, तेव्हा पानात उमटणारी कंपनं पहिल्यांदा स्वच्छ रेकॉर्ड झाली. आधीच्या नोंदी वाचणाऱ्यांना आठवत असेल, व्हिडिओत हिसके ढळढळीत दिसत होते आणि ऑडिओत मात्र नुसती खरखर. रेशमावर पाय घासल्याचा बारीक आवाज यायचा, पण हिसका, म्हणजे नराचा मूळ निरोप, तोच गायब.

गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) वाढवून पाहिला, पानाला चिकटवलेली पिझो डिस्क, म्हणजे कंपनांची वीज करणारी चकती, बदलली, पान बदललं. शेवटी गुंता सुटला तो आकडेमोडीने. २७ मिमीच्या पिझो डिस्कची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) माझ्या मीटरवर २० नॅनोफॅरडच्या आसपास भरते. ती १० किलोओहमच्या लाइन इनपुटला थेट जोडली की दोघांचा मिळून हाय-पास फिल्टर होतो, म्हणजे एका मर्यादेखालचे सूर तो गाळतो, आणि ती मर्यादा, त्याचा कटऑफ, पडतो जवळपास ८०० हर्ट्झवर! माइक इनपुटची इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) सहसा याहून कमी, त्यामुळे तिथे कटऑफ आणखी वर. हिसक्यांचा जोर असतो त्याच्या खूप खाली, तो फाइलपर्यंत पोचणार कसा? इनपुट १ मेगाओहमचा केला की हाच कटऑफ ८ हर्ट्झवर येतो. मग एफईटी या ट्रान्झिस्टरचा साधा बफर, म्हणजे इनपुटची इम्पीडन्स वाढवणारं छोटं सर्किट, सोल्डर केला आणि डिस्कला अगदी खेटून बसवला.

लगेच दुसरं दुखणं सुरू झालं. इम्पीडन्स वाढली की घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा हम, म्हणजे गुणगुण, घुसतोच. नॉच फिल्टर (ठरावीक एकच सूर कापणारा) लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण इथे तो नको असं माझं ठाम मत आहे. आपल्याला हवा असलेला सिग्नल त्याच टापूत आहे, हमबरोबर तोही कापला जाईल. त्याऐवजी डिस्कच्या मागे तांब्याची फॉइल टेप लावून ती ग्राउंड केली, तार शिल्डेड आणि वीतभरच ठेवली, सगळं बॅटरीवर चालवलं. लॅपटॉपचा चार्जर काढला तेव्हा हम जवळजवळ गेलाच. आणि तारा आधीच जोडलेल्या स्वस्त डिस्क घेऊ नका. त्यांचे सांधे पानाच्या हालचालीने करकरतात आणि ती करकर स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाच्या आलेखावर) थेट कोळ्याच्या हालचालीसारखी दिसते.

अजून एक अडचण उरलीच होती. २७ मिमीची डिस्क सुक्या पानाला चिकटवली की पान जड आणि ताठ होतं, म्हणजे आपण पानाचं नाही, डिस्कचंच थरथरणं मोजतो. १२ मिमीची डिस्क हलकी, पण तिची कपॅसिटन्स निम्म्याहून कमी, त्यामुळे कटऑफ पुन्हा वर सरकतो. यावर उपाय म्हणजे बफरचा रेझिस्टर १० मेगाओहमचा करणं. आता कटऑफ दोन हर्ट्झच्या आसपास आहे आणि पान मोकळेपणाने हलतं.

आणि मग तो ट्रॅक! हिसक्यांचा एक झुबका, मग थांबा, मग पाय रेशमात खुपसून मागेपुढे केल्याची लांब, मऊ लहर, पुन्हा झुबका. व्हिडिओशी जुळवायला सुरुवातीला पानावर काडीने एक टिचकी मारली होती, त्यामुळे कोणत्या पायाने कोणता ठोका दिला तेही लावता येतं. हेडफोन लावून रात्री उशिरापर्यंत तेवढंच ऐकत बसलो.

उघड्यावर, उजेडात मादी दिसली की हाच नर पुढचे पाय उंचावून नागमोडी नाचतो, कारण तिथे तिचे डोळे कामाला येतात. घरट्यातल्या मादीला तो दिसत नाही, तिथे बोलायचं ते तिच्या पायांतल्या कंपनं टिपणाऱ्या फटींशी. मादी अजून वयात आलेली नसेल तर नर शेजारीच आपला कप्पा विणतो आणि तिची शेवटची कात पडेपर्यंत थांबतो. फिडिपस जॉन्सोनी या दुसऱ्या उड्या मारणाऱ्या कोळ्यामध्ये संशोधक रॉबर्ट जॅक्सन यांनी १९७७ साली हे प्रकार मांडले आणि पुढे पायकुलीतही तेच आढळलं. माझा ट्रॅक त्यातल्या दुसऱ्या, घरट्यातल्या मादीच्या प्रकाराचा.

पुढचा बेत प्लेबॅकचा होता. पिझो उलटाही चालतो, वीज दिली की थरथरतो, तेव्हा हीच लय मादीच्या घरट्याला ऐकवायची. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की ते थोडं थांबावं. शेजारच्या कुंडीत वयात न आलेल्या मादीचं घरटं आहे आणि एक नर त्याच्याभोवती घुटमळतोय. ती तयार नाही हे त्याला हिसके देऊन कळतं, की रेशमाच्या वासावरूनच? आधी हिसके दिले आणि मग कप्पा विणायला घेतला, तर रेकॉर्डिंगमध्ये ती वळणाची जागा सापडायला हवी. आणि दुसरा नर आला तर? समोरासमोर पाय फाकून उभे राहतात तेव्हा पानातून काही जातं का, तेही याच जोडणीत कळेल. म्हणून १२ मिमीच्या आणखी दोन डिस्कना फॉइल लावायला घेतली आहे.

हिरव्या, जिवंत पानावर डिस्क कशी धरायची एवढंच अडलंय. मेण उन्हात सुटतं आणि दुहेरी टेप थरथर खाते. कोणी हिरव्या पानावर रेकॉर्डिंग केलं असेल तर कशाने चिकटवलं ते नक्की सांगा.