शेवटचा स्टड

बाबांची मारुती ८०० सकाळी चालू केली की फटफट आवाज करायची आणि गरम झाली की गप्प व्हायची. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळांच्या जोडाचं, गॅस्केट (सांध्यातली फट बुजवणारी पट्टी) गेल्याची ही ठरलेली खूण. थंड असताना फटीतून धूर निसटतो, लोखंड तापून फुगलं की फट मिटते. गॅस्केट स्वस्त आणि काम तासाभराचं, म्हणून मीच करायचं ठरवलं.

आमचं घर मालवणात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात. इथे नटबोल्टचं आयुष्य वेगळंच असतं. या ७९६ सीसी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, ॲल्युमिनियमचं; मॅनिफोल्ड धरायला त्यात बसवलेले स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, पोलादी. दोन वेगळे धातू आणि मध्ये मिठाचा ओलावा, की आटे आतून धरतात. आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. सकाळी १२ चा गोटी पाना लावला. चर्र करत एकेक नट सुटला. तो आवाज ऐकला की मला बरं वाटतं, कारण आटे सुटत असल्याचा तो पुरावा असतो.

कडेच्या नटाने आवाजच केला नाही. ओल्या दोरीला पीळ घालावा तसा पाना मऊ फिरत राहिला. तिथेच थांबायला हवं होतं. आटे सुटत नव्हते, स्टड स्वतःच पिळत होता. मी अजून जोर दिला आणि टक्‌! हेडच्या बाहेर जेमतेम चार मिलिमीटर तुकडा उरला. कडेचेच स्टड जास्त तुटतात, कारण बिडाचं मॅनिफोल्ड आणि ॲल्युमिनियमचं हेड तापल्यावर सारखं फुगत नाही आणि ती ओढाताण टोकाला सगळ्यात जास्त.

ईझी-आऊट, म्हणजे तुटलेल्या बोल्टात भोक पाडून तो उलटा फिरवून काढायचं हत्यार, आणावं म्हणून मामाला फोन केला. तो आयुष्यभर फिटर होता. म्हणाला, ‘‘त्येका हात लावू नको गो.’’ ईझी-आऊट कडक पोलादाचं आणि ठिसूळ. ते आत तुटलं तर साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं आणि शेवटी शेजारचं मऊ ॲल्युमिनियम खातं. मग हेडच उतरवावं लागतं.

दुपारी मामा वेल्डिंग मशीन घेऊन आला. आधी बॅटरीच्या वायरी काढल्या, पेट्रोलच्या पाइपवर ओलं गोणपाट टाकलं, वाळूची बादली जवळ ठेवली. तुकड्यावर वॉशर, वॉशरवर नट, आणि नटाच्या भोकातून वेल्ड भरलं. पोलादी वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, म्हणून हेड सुरक्षित राहतं. पहिल्या नटाचं वेल्ड सुटलं आणि तो तसाच हातात आला. दुसरा भरल्यावर मी लगेच पाना उचलला, तर मामा म्हणाला, ‘‘लाल आसा तो. काळो पडांदे, मगे हात लाव.’’

खरं काम या थांबण्यातच होतं. लालबुंद स्टड फुगू पाहतो, पण भोवतीचं हेड त्याला जागा देत नाही. मग निवताना तो आकसतो आणि आट्यांत बसलेला गंज तडकतो. नट काळा पडल्यावर मामाने त्याच्या बुडाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शिरताना स्पष्ट दिसलं. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे. आणि चर्र झालं. एवढा आनंद मला क्वचितच झाला असेल.

बाहेर आलेल्या तुकड्याच्या आट्यांत पांढरी भुकटी गच्च भरलेली होती, पिठी लावल्यासारखी. तो तुकडा मी जपून ठेवलाय.

भोकातले आटे साफ करायला ८ × १.२५ मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हलक्या हाताने फिरवला, हवा मारली, आणि नवा स्टड तांब्याचं ग्रीस लावून बसवला. कणकवलीला दोनदा जाऊन आल्यावर इंजिन पूर्ण गार असताना नट पुन्हा तपासले. कडेचा किंचित आवळला गेला, बाकीचे घट्ट होते.