चित्तादेल्लाच्या तटावर, बाबांसोबत

बाबांचा गुडघा आणि पंधरा मीटर उंचीचा तट यांचं जमायचं कसं, हाच आदल्या रात्री जेवताना आमचा विषय होता. घर भावाचं, इटलीतल्या पादोव्यातलं. तो तिथल्या विद्यापीठात संशोधन करतो. सप्टेंबरमध्ये मी बाबांना घेऊन तीन आठवड्यांसाठी त्याच्याकडे गेले होते. व्हेनिस झालं, पादोव्यातली चर्चं झाली, चौक झाले. बाबा सगळं मन लावून बघत होते, पण एका संध्याकाळी म्हणाले, "चित्रं पुष्कळ पाहिली. आता मला एखादं बांधकाम दाखवा." बाबा तीस वर्षं सरकारी नोकरीत ओव्हरसियर होते. रस्ते, मोऱ्या, शाळांच्या इमारती आणि मध्ये एकदा एका गडाच्या दरवाज्याची डागडुजी. त्या दरवाज्याबद्दल पुढे लिहिते.

भाऊ म्हणाला, "मग चित्तादेल्लाला जा. अख्ख्या गावाभोवती तट आहे आणि त्याच्या माथ्यावरून पूर्ण फेरी मारता येते." त्याला सुट्टी नव्हती. म्हणून सोमवारी सकाळी मी आणि बाबा दोघंच निघालो. बाबांचा सोमवारचा उपास. वहिनीनं साबुदाण्याची खिचडी डब्यात दिली आणि माझ्यासाठी दोन दशम्या.

पहिली चूक मी पादोव्याच्या स्टेशनातच केली. यंत्रातून कागदी तिकिटं काढली आणि सरळ फलाटावर जाऊन उभी राहिले. या साध्या लोकल गाड्यांच्या तिकिटावर जागेचा नंबर नसतो, गाडी ठरलेली नसते. म्हणूनच गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात ते घालून त्यावर तारीख-वेळ उमटवून घ्यायची असते. तसं केलं नाही तर तिकीट खिशात असूनही दंड होतो. हे मी वाचलं होतं आणि साफ विसरले होते. शेजारी सायकल घेऊन उभ्या असलेल्या एका मुलीनं माझ्या हातातली कोरी तिकिटं पाहिली आणि खांबाकडे बोट दाखवलं. धावत गेले. फटीत तिकीट सरकवलं, खर्रर्र आवाज झाला आणि कडेला बारीक अक्षरात वेळ उमटली. दुसरी गोष्ट अशी, की फलकावर चित्तादेल्ला शोधत बसू नका. तिथे गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. आमची गाडी 'बस्सानो देल ग्राप्पा'ची होती, चित्तादेल्ला वाटेत लागतं.

स्टेशन तटाच्या बाहेर आहे. सावकाश चालत निघालो आणि एका वळणावर बाबा थांबलेच. समोर पाण्यानं भरलेला खंदक, त्यात बदकं, आणि पलीकडे एकसलग तट. अनेक गडांवर मी फिरले आहे. आपल्याकडे तट डोंगराच्या कड्याला धरून जातो, निम्मं काम डोंगरच करतो. इथे जमीन ताटासारखी सपाट आहे. लपायला काही नाही, टेकायला काही नाही. जे काही संरक्षण ते माणसानंच रचायचं. पादोव्यानं १२२० साली हे गाव वसवलं ते सरहद्द राखण्यासाठी. पूर्वेला शेजारच्या त्रेविझोनं कास्तेलफ्रांको नावाचं तटबंदीचं गाव त्याआधीच उभं केलं होतं, त्याला हे उत्तर होतं. एका बाजूनं ठाणं उभं राहिलं, की दुसऱ्यानं समोर ठाणं उभं करायचं. ही रीत आपल्याला नवी नाही.

चार दिशांना चार दरवाजे, आणि दरवाज्याचं नाव म्हणजे त्यातून निघणारी वाट जिथे जाते त्या गावाचं नाव. दक्षिणेला पादोवा, उत्तरेला बस्सानो, पूर्वेला त्रेविझो, पश्चिमेला विचेन्झा. बाबांना हे फार आवडलं. पुण्यात दिल्ली दरवाजा तसंच, म्हणाले.

पादोवा दरवाज्याला लागून एक जाडजूड बुरूज आहे, तोर्रे दि माल्ता. एत्सेलिनो दा रोमानो नावाच्या सत्ताधीशानं तो १२५१ साली तुरुंग म्हणून बांधला. इटालियन कवी दान्तेनं आपल्या महाकाव्यात 'माल्ता' नावाच्या एका भयंकर कैदेचा उल्लेख केलाय, तो याच बुरुजाचा असं इथले लोक मानतात. अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत. त्या सावलीत उभं राहून वर बघताना मात्र अंगावर काटा आला. आत कोंडलेल्या माणसाला जवळच भरणारा बाजार ऐकू येत असेल, एवढाच विचार मनात आला.

बाजार त्या दिवशीही भरला होता. सोमवार हा इथला बाजारवार. दरवाज्यातून सरळ आत गेलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना पालं. कपडे, भांडी, चाकांएवढ्या चीजच्या वड्या, भाजी. बाबांनी हातानंच खूण करून अंजिरं घेतली, पिकून चिरलेली, देठाशी मधाचा थेंब आलेली. बाईनं तराजूत टाकल्यावर वर दोन जास्तीची ठेवली. उपासाला चालतील का, हे विचारायची गरजच पडली नाही.

तटावर जायचं तिकीट बस्सानो दरवाज्याशी मिळतं, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. पण ते टोक तरी किती लांब! दोन सरळ रस्ते एकमेकांना मधोमध छेदतात आणि चारही दरवाज्यांना जाऊन भिडतात. त्यामुळे हरवायचा प्रश्नच नाही. खिडकीतल्या बाईंनी बाबांच्या गुडघ्याचा पट्टा पाहिला आणि सावकाश इंग्रजीत सांगितलं, घाई करू नका, मध्ये मध्ये थांबा, बंद व्हायच्या वेळेआधी मात्र उतरा.

जिन्याचं आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं. पुण्याच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी बाबांना एक नियम घोकायला लावलाय: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. बाबा प्रत्येक पायरीला "चांगला" असं पुटपुटत होते. डावा पाय वर, मग उजवा त्याच पायरीवर, क्षणभर थांबायचं, मग पुन्हा "चांगला." मी एक पायरी मागे. कठड्यावर त्यांचा हात घट्ट होता, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. मागून आलेल्या एका कुटुंबाला आम्ही पुढे जाऊ दिलं. वर पोचायला किती वेळ लागला ते मी पाहिलं नाही.

वर आलो आणि उत्तरेला ग्राप्पाचे डोंगर दिसले. वारा आला. बाबांनी पाण्याचा घोट घेतला, दोन मिनिटं डोळे मिटले आणि मग डोंगरांकडे पाठ करून भिंतीला हात लावला.

फांजी, म्हणजे तटाच्या माथ्यावरची चालायची वाट, दोन माणसं सहज शेजारून जातील एवढी रुंद आहे. बाहेरच्या अंगाला चर्या, म्हणजे दात्यांसारखा कठडा, आतल्या अंगाला आता नवा लोखंडी कठडा. भिंतीत विटांचे थर आणि नदीतल्या गोट्यांचे थर आलटून पालटून आहेत. बाहेरून दिसते ती नुसती कातडी. दोन बाजूंना दोन भिंती उभ्या करून मधल्या पोकळीत गोटे आणि कळीचा चुना ओतून ती भरत नेली आहे. बाबांनी एका सांध्यात बोटाचं टोक घातलं, नखानं हलकेच खरवडलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. पांढरट, जरा पिवळसर, त्यात बारीक खडा.

"हा चुना विरवताना बघायला हवा होता," ते म्हणाले. "कळीचा चुना पाण्यात पडला की उकळ्या फुटतात. जवळ उभं राहवत नाही. आणि तो आवळतो हळूहळू, वर्षानुवर्षं. भिंत थोडी हलली, तरी तो तिच्याबरोबर हलतो. पाणी आत गेलं, तर बाहेर यायला वाट देतो."

मग जरा वेळानं त्या दरवाज्याचं बोलले. मला ही गोष्ट अर्धवट माहीत होती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गडाच्या दरवाज्याची कमान ढासळायला आली होती. पैसा थोडा, वेळ थोडा, चुना मळायची घाणी चालवणारी माणसं मिळेनात. वरून हुकूम आला आणि बाबांनी उभं राहून सिमेंटनं दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरून घेतल्या. काम वेळेत झालं, कौतुकही झालं. दहा-बारा पावसाळ्यांनंतर ते पुन्हा गेले, तेव्हा सिमेंट तसंच होतं आणि त्याच्या शेजारचे दगड मात्र पापुद्र्यासारखे सुटत होते. सिमेंटनं पाणी आत कोंडलं होतं. ते पाणी दगडातूनच वाट काढत होतं.

"मला तेव्हा माहीत नव्हतं," बाबा म्हणाले. "पण घाणीवरचे म्हातारे गवंडी सांगत होते. त्यांचं ऐकायला पाहिजे होतं."

मी काही बोलले नाही. काय बोलणार? आम्ही एका बुरुजाच्या सावलीत बसून खिचडी खाल्ली, अंजिरं खाल्ली. खाली तटाला लागून कुणाच्या तरी परसात टोमॅटोच्या काठ्या लावलेल्या, दोरीवर चादरी वाळत घातलेल्या. गावातली माणसं आठशे वर्षांच्या भिंतीच्या आडोशाला आपली भाजी लावतात, ते पाहून मला फार बरं वाटलं.

तटाचा घेर १४६१ मीटर आहे आणि बुरूज ३२. बाबांनी खिशातल्या डायरीत प्रत्येक बुरुजाला एक रेघ ओढली. मधून मधून जुनी भिंत संपून नवी वीट सुरू होते, आणि ती नवी आहे हे डोळ्यांना कळतं. एके ठिकाणी तटाला मोठं खिंडार आहे. ते बुजवून पुन्हा जुन्यासारखं केलेलं नाही, वरून फक्त लोखंडी पूल टाकलाय. त्याच्या जाळीतून खालची जमीन दिसते. तिथे बाबा माझा हात धरून चालले. पूल ओलांडल्यावर मागे वळून खिंडाराकडे बराच वेळ पाहत राहिले. तटाची ही फेरी सलग पूर्ण चालता येऊ लागली २०१३ साली, त्याआधी वीसेक वर्षं दुरुस्ती चालली होती. वीस वर्षं, हा आकडा बाबांनी दोनदा उच्चारला.

सगळे एका तासात फेरी मारतात. आम्हाला अडीच तास लागले. उतरताना "दुखरा, दुखरा" म्हणत एकेक पायरी. खाली आलो तेव्हा बाजार उठून गेला होता, रस्ता धुतलेला होता आणि बहुतेक दुकानांची दारं बंद होती. दुपारी इथे सगळं मिटतं. जेवायचं असेल तर तटावर चढण्याआधीच खाऊन घ्या. तीन वाजता मला गरम काही मिळालं नाही, दशम्यांनी निभावलं. आणि शाकाहारी असाल तर 'बिगोली इन साल्सा' हे नाव साधं वाटलं तरी मागवू नका, त्या रश्शात मासळी असते.

परतीची तिकिटं बाबांनी स्वतः यंत्रात घातली.

गाडीत ते झोपतील असं वाटलं होतं, पण डायरीत भिंतीचा छेद काढत बसले. दोन कातड्या, मधला भराव, विटांचे थर, बाजूला मापं. त्या गडावर आता गावातली मुलं दर रविवारी जाऊन साफसफाई करतात, झुडपं काढतात. त्यांच्यातल्या एकाचा नंबर बाबांकडे होता. रात्री उपास सोडल्यावर त्यांनी भावाला त्या छेदाचा फोटो काढायला लावला आणि खाली मराठीत टाइप करून घेतलं: दरवाज्याच्या सिमेंटला सध्या कुणी हात लावू नका, छिन्नीनं काढावं लागेल, दिवाळीनंतर मी येतो, तोवर गावात घाणीचं चाक कुणाकडे पडून आहे का ते बघून ठेवा.